बाळंतविड्याआधीची पिशवी

बाळंतविडा या शब्दाला काळाचा एक क्रम आहे. आधी बाई बाळंत होणार, मायलेकरं सुखरूप असल्याचा निरोप जाणार, आणि मग नात्यागोत्यातून विडा येणार. त्यात झबली-टोपडी, कुंची, दुपटी, बाळंतिणीसाठी लुगडं-खण, डिंक, खारीक-खोबरं, सुंठ, ओवा, बाळंतशेपा आणि जमेल तसं तूप. कोकण असो की खानदेश, जिन्नस बदलायचे, पण क्रम बदलत नसे. विडा बाळाच्या मागून यायचा.

आज आठवा महिना सरला की दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली असते. दवाखान्यातून छापील यादी मिळते: पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड, टॉवेल, चप्पल, पाण्याची बाटली, तपासणीची फाइल, आधार कार्ड, आणि त्याखाली ‘बाळासाठी’ असा वेगळा रकाना. ही पिशवी बाळाच्या आधी घरातून निघते. शंभर-सव्वाशे वर्षांत हा क्रम उलटा झाला. तो कसा झाला, हे शोधताना मोठी अडचण अशी की पिशवीचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. बाई घरी परतली की पिशवी रिकामी होते, धुतली जाते आणि बाजारासाठी वापरात येते. तिचा माग काढायचा तर ग्रंथ, कायदे, मृत्यूच्या नोंदी आणि बायकांच्या रीतीभाती यांतूनच काढावा लागतो.

बाळंतपणाच्या तयारीची आपल्याकडची एक फार जुनी यादी चरकसंहितेच्या शारीरस्थानात आहे. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागृह तयार करावं असं तिथे सांगितलं आहे, आणि त्यात काय काय जमवून ठेवावं हेही बारकाईने दिलं आहे. तूप, तेल, मध, निरनिराळी मिठं, गूळ, वावडिंग, देवदार, सुंठ, पिंपळी, वेखंड, हिंग, मोहऱ्या, लसूण. उखळ-मुसळाच्या दोन जोड्या, तीक्ष्ण सुया, दोरे, धारदार शस्त्रं. बेलाच्या लाकडाच्या दोन खाटा. शेकोटीला टेंभुर्णीचं आणि हिंगणाचं सरपण. आणि याच यादीत, जणू एक जिन्नसच असावा तशा, अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, न घाबरणाऱ्या बायका.

यादी पुन्हा पाहिली की ध्यानात येतं, यातलं जवळजवळ सगळं प्रसूतीसाठी आणि बाळंतिणीसाठी आहे. बाळाची खोली, त्याचं मऊ, हलकं, स्वच्छ अंथरूण-पांघरूण, त्याची खेळणी यांचं वर्णन चरकात आहे, पण ते पुढे, मूल जन्मून त्याचं नाव ठेवल्यानंतर येतं. आईची तयारी आधी आणि बाळाची नंतर, हा क्रम ग्रंथातही आहे आणि घरातही होता.

घरातली रीत सगळ्यांच्या ऐकिवात आहे. मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं कापड फाडायचं नाही, पाळणा घरात आणायचा नाही, नाव ठरवून बोलायचं नाही. जन्मलेल्या मुलाला पहिल्यांदा गुंडाळायचं ते जुनेरात, आजीच्या विरलेल्या लुगड्यात किंवा आजोबांच्या धोतराच्या तुकड्यात. हे कापड अनेक धुण्यांनी मऊ झालेलं असतं, खळ गेलेली असते, ते पाणी पटकन टिपतं, म्हणून नवजात कातडीला ते मानवतं. पण रीत केवळ मऊपणासाठी नव्हती. जे येईल की नाही, आणि आलं तर राहील की नाही याची खात्री नाही, त्याच्यासाठी नवं शिवायचं धाडस बायका करत नसत. शिवलेलं झबलं घरात पडून राहिलं तर ते कुठे ठेवायचं, हा प्रश्न खरा होता.

आनंदीबाई जोशी यांचं पहिलं आणि एकमेव मूल त्या चौदा वर्षांच्या असताना झालं आणि दहा दिवस जगलं. पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. वर्षभरात, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या स्वतःही गेल्या. त्यांचं मूल बारशापर्यंतही पोचलं नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी का, याचं धर्मशास्त्रीय उत्तर वेगळं आहे. पण दहा-बारा दिवस निघाले की मगच नाव, ही रीत सांभाळणाऱ्या समाजाला या दिवसांचा अनुभव होता, एवढं निश्चित.

पाचवी आणि सटवाई या दोन रात्रींकडेही मी याच नजरेनं पाहते. पाचव्या दिवशी पाटा-वरवंट्याची पूजा, बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा कोयता. सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणून कोरा कागद आणि लेखणी, आणि त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही. नवजात बाळाचा धनुर्वात बहुतेक वेळा जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत दिसतो, आणि सहावा-सातवा दिवस त्यात मध्यावर येतो. चांगलं ओढणारं मूल अचानक स्तन तोंडात धरेनासं होतं, जबडा आवळतो, अंग ताठतं. नाळ कापलेल्या विळ्याबरोबर किंवा नाळेवर लावलेल्या राखेबरोबर, शेणाबरोबर रोगाचे जंतू आत गेलेले असतात. रीत या रोगामुळेच पडली असा दावा मी करत नाही. पण ज्या रात्री आया जागत होत्या, त्या जागण्यासारख्याच रात्री होत्या.

आता मुंबईकडे येऊ. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला आणि हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळाव्यात म्हणून देशभर प्रयत्न सुरू झाले. मुंबईत त्याआधीच हालचाल झाली होती. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांसाठी रुग्णालय उभं राहिलं, ते १८८६ मध्ये उघडलं, आणि त्यासाठी एडिथ पिची ही इंग्रज स्त्री-डॉक्टर १८८३ मध्येच मुंबईला आली होती. परळच्या गिरण्यांच्या भर वस्तीत १९२६ मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं. म्हणजे शहरात खाटा होत्या. पण कामकरी बाईच्या मनात त्या अखेरचा उपाय म्हणूनच होत्या. ती बाळंतपणाला निघायची ती गावाला.

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडची गिरणकामगार कुटुंबं मुंबईत एका खोलीत दहा-दहा माणसं राहत. अशा खोलीत बाळंतिणीला कोपरा कुठून मिळणार? पहिलटकरणीला माहेर हवंच. मग आगबोटीनं जायचं. पण किनाऱ्याच्या आगबोटी पावसाळ्यात बंद. जिचे दिवस श्रावण-भाद्रपदात भरणार, तिला वैशाखाच्या आत बोट गाठणं भाग होतं. म्हणजे पाचव्या-सहाव्या महिन्यातच मजुरी सोडायची. जमलं नाही तर खोलीतच, आडोसा करून. गावी निघताना बरोबर घेतलेलं ते गाठोडं ही माझ्या मते आजच्या पिशवीची पहिली पूर्वज. मात्र त्यात तिच्या मुलाचं काही नसे. असायचं ते माहेरच्या माणसांसाठी मुंबईचं काही, आणि तिची दोन लुगडी.

या गाठोड्याची एक खूण सरकारी आकड्यांतही उमटली आहे. १९२१ मध्ये मुंबई शहरात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे साडेसहाशेहून अधिक मुलं वर्षाच्या आत दगावली, अशी नोंद आहे. आकडा वाचून अंगावर काटा येतो. पण त्यात एक मेख आहे. जी मुलं गावी जन्मली त्यांच्या जन्माची नोंद गावी झाली. तीच मुलं काही महिन्यांनी आईबरोबर मुंबईला परतली आणि चाळीत मेली, तेव्हा मृत्यूची नोंद मुंबईत झाली. छेदात जन्म कमी आणि अंशात मृत्यू जास्त. म्हणजे प्रत्यक्ष दर नोंदीपेक्षा कमी असणार. तरीही तो भयंकरच होता. या आकड्याच्या मुळाशी कोकणची वाट आहे, हे मात्र विसरता येत नाही.

त्याच सुमारास, १९२१-२२ मध्ये, मुंबई सरकारनं गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. कामावर जाणाऱ्या आईचं मूल दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळागोळी देण्याची चाल किती सर्रास होती, हे तिच्या अहवालातून पुढे आलं. बाळंतविड्यातल्या वेखंड-बाळगुटीशेजारी चाळीत ही गोळी येऊन बसली होती, कारण आईला उसंत नव्हती. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, अशी बाजू मांडली. हा भार खरं तर बराचसा सरकारनं उचलावा, पण बाईच्या श्रमाचा लाभ मालकाला होतो, तेव्हा त्यानंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. प्रसूती-लाभाचा देशातला तो पहिला कायदा. बाळाची तयारी आधी करायची तर त्यासाठी कापड लागतंच, पण त्याआधी घरी बसायला चार पगारी दिवस लागतात. हे दिवस प्रथम कायद्यानं मिळाले.

खाट उपलब्ध असूनही बाई दवाखान्यात का जात नव्हती, याला आणखी एक कारण होतं, आणि त्याचा पिशवीशी सरळ संबंध आहे. ते म्हणजे सोयर. बाळंतिणीच्या खोलीतली भांडी, अंथरूण, कपडे दहा दिवस वेगळे. त्यातलं बरंचसं नंतर सुइणीला द्यायचं किंवा टाकून द्यायचं. त्यामुळे घरातून जे द्यायचं ते टाकाऊ. विसाव्या शतकाच्या मध्यावर शहरांत आणि तालुक्याच्या गावांत खासगी प्रसूतिगृहं वाढली आणि मध्यमवर्गीय बायका तिथे जाऊ लागल्या, तेव्हा हीच समजूत गाठोड्यात बांधून बरोबर गेली. जुनेरं, फाटकी चादर, पंचा, कडीचा डबा, फिरकीचा तांब्या, थर्मास. दवाखाना खाट देणार, औषध देणार, इतर सगळं घरून. गाठोड्यात ठरवून जुनंच भरल्यामुळे एक अडचण परस्पर सुटली: बाळासाठी ‘नवं’ काही न घेताही त्याच्यासाठी कापड आधी नेता आलं.

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी, १९९० नंतरच्या काळात, माझ्या आजीनं पिशवी भरली. दुपटी तिनं स्वतःच्या लुगड्यांची केली होती, टाके घालून. ती तिनं माझ्या कपड्यांच्या घडीत अशी ठेवली की पिशवीत बाळाचं काही आहे हे वरून कळू नये. कुणी विचारलं तर ते ‘हिचे कपडे’. दुकानात बघून ठेवलेली दोन झबली मात्र दुकानातच राहिली. पैसे देऊन झाले होते, पण घरात यायला त्यांना अजून परवानगी नव्हती. जुना क्रम न मोडता नवी गरज भागवायची ही युक्ती माझ्या वयाच्या अनेकजणींच्या घरात कमीअधिक फरकानं झालेली आहे.

गरज नवी होती, कारण दवाखान्याला ते कापड खरोखर हवं असतं. जन्मलेलं मूल ओलं असतं आणि ओल्या अंगाची ऊब झपाट्यानं जाते. एका कोरड्या कापडात त्याला घ्यायचं, पुसायचं, ते ओलं कापड बाजूला टाकायचं आणि दुसऱ्या कोरड्या कापडात गुंडाळायचं, ही नवजात बाळाची पहिली शुश्रूषा. म्हणून यादीत कापडं एकाहून अधिक लिहिलेली असतात. डोकं शरीराच्या मानानं मोठं, तिथून ऊब जास्त जाते, म्हणून टोपडं किंवा कुंची. आमच्या बायकांनी कुंची शिवली ती गोड दिसते म्हणून, असं वाटत असेल तर हे लक्षात घ्यावं. फरक एवढाच की जुन्या क्रमात कुंची बाराव्या दिवसाच्या विड्यातून यायची, आणि ऊब गमावण्याचा धोका पहिल्या तासातच सर्वांत जास्त असतो.

बाईनं पिशवी घेऊन दवाखान्यात जाणं ही एक दिशा झाली. दुसरीकडून, पिशवीच बाईच्या घरी नेण्याचे प्रयत्नही झाले. सुइणींना शिकवण्यासाठी लेडी कर्झन यांच्या पुढाकारानं १९०३ मध्ये व्हिक्टोरिया स्मारक निधी उभा राहिला. स्वातंत्र्यानंतरच्या दाई-प्रशिक्षणात पाच स्वच्छता शिकवल्या जात: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, नाळ बांधायला स्वच्छ दोरा आणि नाळेवर काही न लावणं. त्यासाठीची छोटी पुडी गरोदर बाईला किंवा दाईला मिळे. साबण, नवं पातं, दोरा, कापूस, प्लास्टिकचा तुकडा. चरकाच्या यादीतले सुया-दोरे आणि धारदार शस्त्र इथे पुन्हा भेटतात. आता ते निर्जंतुक आहेत. याच्या जोडीला धनुर्वाताची लस आली, आणि आई व नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. सटवाईच्या रात्रीचं एक भय त्या दिवशी गेलं. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली, पण आमच्या गल्लीत कुणी पेढे वाटले नाहीत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं याच दिशेनं आणखी पुढचं काम केलं. १९८८ मध्ये त्या भागात हजारी १२१ अर्भकं दगावत होती. १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर, वजनाचा काटा, श्वास द्यायची नळी आणि मुखवटा, इंजेक्शन, आणि बाळाला उबेत ठेवायची कापडी झोपपिशवीही. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले तेव्हा तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते. पुढे घरभेटीतून नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशांकडे आलं.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यास ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळू लागले. २०११ च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात औषध, जेवण, येण्या-जाण्याचं वाहन मोफत झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे राज्यातली दवाखान्यातली बाळंतपणं २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होती, २०१५-१६ मध्ये ९० आणि २०१९-२१ मध्ये जवळजवळ ९५ टक्के. एका पिढीत पिशवी भरणं हे मध्यमवर्गाचं काम राहिलं नाही, ते बहुतेक सर्वांचं झालं.

या पिशवीत मात्र एक नवा जिन्नस शिरला, तो म्हणजे कागद. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्डाची प्रत. बाई कोण, तिची नोंद कुठे, पैसे कुठल्या खात्यात, हे सिद्ध करणारी चळत कापडांच्याही वर असते, कारण दारात पहिल्यांदा तीच मागितली जाते. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणारी जोडपी डोळ्यांसमोर आणा. सहा महिन्यांचा संसार ट्रकवर चढलेला, बायको पोटुशी. तिची नोंद गावच्या उपकेंद्रात, लस तिथली, आशा तिथली, आणि दिवस भरणार ते दोन-तीनशे किलोमीटरवरच्या फडात. शंभर वर्षांपूर्वी कोकणची बाई मुंबईहून गावाकडे निघाली, आणि जन्म-मृत्यूच्या वह्यांत तिचा मेळ बसला नाही. ही बाई गावाहून फडाकडे निघते, आणि मेळ आजही कार्ड बरोबर असण्यावर अवलंबून आहे. कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहिलं तर ती दवाखान्याच्या दारात नव्यानं अनोळखी होते.

सरकारलाही जुने शब्द आणि जुने क्रम सुटलेले नाहीत. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ दिवस भरत आलेल्या बाईला आधीच येऊन राहता यावं म्हणून खोल्या केल्या, त्यांचं नाव ‘माहेरघर’. २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या पहिल्या बाळासाठी ‘बेबी केअर किट’ देण्याची योजना राज्यानं आणली. कपडे, टॉवेल, थर्मामीटर, मच्छरदाणी असं सुमारे दोन हजार रुपयांपर्यंतचं सामान. नाव इंग्रजी असलं तरी हा बाळंतविडाच आहे. तो बाळ झाल्यावर मिळतो.

इथेच मला काही सुचवावंसं वाटतं. जिच्या घरात पिशवी भरायला आई, सासू, नणंद आहेत आणि कपाटात कापड आहे, तिला नंतर मिळालेला विडा कौतुकाचा. जी फडातून, वीटभट्टीतून, पुलाखालून नेसत्या कपड्यांनिशी कळा देत येते, तिच्या बाळाला पहिल्या तासातलं दुसरं कोरडं कापड कुठून येणार? तिला हे सामान आठव्या महिन्याच्या तपासणीलाच हाती द्यायला हवं, आणि पहिलं मूल की तिसरं हे न बघता.

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर हजारी १६ होता. साडेसहाशेच्या त्या आकड्यातली चूक वजा केली तरी अंतर केवढं आहे! म्हणूनच आज बाळाचा रकाना आधी छापता येतो, झबलं आधी घेता येतं, आणि पाळणा आधी घरात आला तरी कुणाच्या काळजात चर्र होत नाही. आजीची रीत आपण अंधश्रद्धा म्हणून सोडली असं आपल्याला वाटतं; ती रीत सुटली, कारण बहुतेक मुलं आता जगतात. पण काही घरांत ती पिशवी आजही भरल्यासारखी परत येते, आणि त्या घरातल्या बाईला दुसऱ्या खेपेला बाळाचे कपडे आपल्या कपड्यांच्या घडीत लपवावेसे वाटले, तर तिला हसायचं कारण नाही.